माणूस तोच, रकाना वेगळा: अमेरिकेच्या जनगणनेची गोष्ट

आजचा भाग एका फॉर्मबद्दल आहे. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण हा फॉर्म साधासुधा नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांनी तो भरला जातो, त्यात एक प्रश्न वंशाचा असतो आणि दुसरा हिस्पॅनिक असण्याचा. या दोन प्रश्नांवर तिथे खटले झाले, आंदोलनं झाली, माणसं तुरुंगवासात गेली आणि निवडणुकांची गणितं बदलली.

आधी एक कल्पना करू. समजा, १९०७ साली पंजाबातला एक वीस वर्षांचा शेतकरी मुलगा जहाजानं कॅलिफोर्नियात पोचला. शीख, डोक्यावर फेटा, शेतमजुरीचं काम. १९१० ची जनगणना झाली तेव्हा त्याचा वंश कोणत्या गटात गेला? 'इतर'. १९२०, १९३० आणि १९४० मध्ये? 'हिंदू'. हो, माणूस शीख असला तरी वंश 'हिंदू'. १९५० आणि १९६० मध्ये आकडेवारीत पुन्हा 'इतर'. १९७० मध्ये तो चक्क 'गोऱ्यां'मध्ये मोजला गेला. आणि १९८० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, तो 'एशियन इंडियन' झाला.

माणूस तोच, कातडी तीच, आईबाप तेच. बदलत गेला तो फक्त कागद.

आजच्या भागात मला हेच बघायचंय की हा कागद का बदलत गेला, कोणी बदलला आणि त्याची किंमत कोणी मोजली. आपण बातम्यांमध्ये सर्रास वाचतो की अमेरिकेत इतके टक्के गोरे, इतके काळे, इतके हिस्पॅनिक. हे टक्के आभाळातून पडलेले नाहीत. प्रत्येक टक्क्यामागे कोणीतरी आखलेला एक रकाना आहे.

सुरुवातच तीन-पंचमांशानं

अमेरिकेची राज्यघटना १७८७ ची. दर दहा वर्षांनी माणसं मोजायची, हे त्या घटनेतच लिहिलंय. कारण सरळ आहे. संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये, कोणत्या राज्याला किती जागा हे लोकसंख्येवर ठरणार होतं. मग भांडण लागलं गुलामांवरून. दक्षिणेतल्या राज्यांना गुलाम लोकसंख्येत धरून हवे होते, म्हणजे जागा वाढल्या असत्या. मतदानाचा हक्क मात्र त्यांना द्यायचा नव्हता. उत्तरेचं म्हणणं, ज्यांना तुम्ही मालमत्ता म्हणता त्यांना माणसांत कसं मोजता? शेवटी तडजोड झाली: गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश धरायचा. म्हणजे पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. आणि कर न भरणारे मूळनिवासी तर मोजायचेच नाहीत.

या हिशेबात गुलामाला पूर्ण माणूस धरलं असतं तर त्याचा फायदा त्याच्या मालकालाच झाला असता, हेही लक्षात घ्या. त्या तीन-पंचमांशानंही दक्षिणेला कितीतरी वर्षं जास्तीच्या जागा मिळत राहिल्या.

पहिली जनगणना १७९० मध्ये झाली. रकाने पाच: सोळा वर्षांवरचे स्वतंत्र गोरे पुरुष, सोळाखालचे गोरे मुलगे, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. एकूण आकडा आला ३९ लाखांच्या थोडा वर. त्यातले जवळजवळ ७ लाख गुलाम.

आता हा ३९ लाखांचा आकडा डोक्यात ठेवा. सत्तर वर्षांनी, १८६० च्या जनगणनेत, फक्त गुलामांचीच संख्या साडेएकोणचाळीस लाख होती. पहिल्या जनगणनेच्या वेळी अख्ख्या देशात जितकी माणसं होती, तितकी आता फक्त गुलामगिरीत होती.

नाव नसलेली यादी

या भागाची तयारी करताना मला सगळ्यात जास्त थांबवलं ते १८५० आणि १८६० च्या कागदांनी. १८५० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली: नाव, वय, धंदा, जन्मस्थान. गुलामांसाठी मात्र वेगळा तक्ता. त्यात नाव असतं मालकाचं. त्याखाली ओळीनं नुसती वयं, लिंग आणि रंग. पस्तीस, पुरुष, काळा. अठ्ठावीस, स्त्री, मिश्र. चार, मुलगी, काळी. बस. कोण कोणाची आई, कोण कोणाचा भाऊ, काही कळायला मार्ग नाही.

यातला 'मिश्र' हा रकानाही १८५० चाच. इंग्रजीतला शब्द होता 'मुलॅटो', गोऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही वंशांचं रक्त असलेला. तो का घातला? त्या काळात काही गोरे डॉक्टर आणि 'वैज्ञानिक' असं सिद्ध करायच्या मागे होते की काळे आणि गोरे या मुळात वेगळ्या जातीच आहेत आणि त्यांची मिश्र संतती दुबळी असते. त्यासाठी त्यांना आकडे हवे होते. म्हणजे निष्कर्ष आधी ठरला होता, रकाना नंतर आला.

मग यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आली आणि तीन-पंचमांशाचा हिशेब गेला. अमेरिकेत जन्मलेला माणूस नागरिक, हेही तिथेच लिहिलं गेलं. त्यानंतरची १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात सगळ्या काळ्या माणसांची नावं लिहिली गेली. आज आपलं मूळ शोधणारी आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबं साधारण या सालापाशी येऊन अडकतात. त्याच्या मागे आजोबा-पणजोबांचं नावच कागदावर नाही. ते लोक याला 'अठराशे सत्तरची भिंत' म्हणतात.

इथे आपल्याकडचं एक पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. या जनगणनेनंतर तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. पुण्यात बसलेल्या माणसाला हजारो मैलांवरची ही घटना आपल्या लढ्याशी जोडलेली दिसत होती.

पण कागदाचं वेड काही संपलं नाही. १८९० मध्ये तर कहर झाला. प्रगणकाला सांगितलं होतं की काळ्या माणसांची नोंद रक्ताच्या हिश्शानं करा: तीन-चतुर्थांश किंवा जास्त असेल तर 'काळा', साधारण निम्मं असेल तर 'मुलॅटो', पाव असेल तर 'क्वाड्रून' आणि आठवा हिस्सा किंवा नुसता अंश असेल तर 'ऑक्टोरून'. आता विचार करा, दारात उभा असलेला प्रगणक हे ओळखणार कसं? बघून. चेहऱ्याकडे बघून अपूर्णांक लिहायचा.

जाता जाता एक गोष्ट. आधीच्या, १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळवायला सात-आठ वर्षं लागली होती. म्हणून १८९० मध्ये हर्मन हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरचं भोकं पाडलेल्या कार्डांचं यंत्र वापरलं गेलं. त्याची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. आज आपण ज्याला डेटा म्हणतो, त्याच्या जन्मकथेत हे अपूर्णांकही आहेत.

गोरा म्हणजे कोण? कोर्टाला विचारा

आतापर्यंत बोललो ते गोरे आणि काळे यांच्याबद्दल. पण माणसं तर सगळ्या जगातून येत होती. १८६० मध्ये कॅलिफोर्नियात चिनी लोक वेगळे मोजले गेले, १८७० पासून देशभर. आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला. आधी वेगळं मोजलं, मग वेगळं पाडलं. हा क्रम आज पुन्हा दिसेल, लक्ष ठेवा.

गोरं असण्याला इतकं महत्त्व का? कारण १७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच नागरिकत्व मिळू शकत होतं. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. आशियातून आलेले मात्र ना धड गोरे, ना आफ्रिकी. मग त्यांनी कोर्टात जाऊन सिद्ध करायचं की आम्ही गोरे आहोत.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा निकाल सुप्रीम कोर्टानं दिला. कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी माणूस कॉकेशियन नाही, म्हणून नागरिकत्व नाही.

आता भगतसिंग थिंद यांची केस बघा. हे आपले शहीद भगतसिंग नव्हेत, हे वेगळे. अमृतसर भागातले शीख, १९१३ मध्ये अमेरिकेत गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. त्यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला की तेव्हाच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय हे आर्य, म्हणजे कॉकेशियन. तुम्हीच तर म्हणालात गोरा म्हणजे कॉकेशियन! त्यात उच्च जातीचा असल्याचाही मुद्दा मांडला गेला. हा मुद्दा आज ऐकताना टोचतो, पण तो टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. वर्णभेदाच्या दारातून आत शिरायला जातिभेदाचा दाखला पुढे केला होता.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला. ओझावाचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनीच हाही लिहिला, तीनच महिन्यांनी. या वेळी कोर्टाचं म्हणणं काय? शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आणि हिंदू माणसाला कोणी गोरं समजत नाही. म्हणजे जपानी माणसाला नाकारायला शास्त्र चाललं आणि भारतीयाला नाकारायला तेच शास्त्र बाजूला ठेवलं.

परिणाम काय झाला? आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली, सुमारे पन्नास जणांचं. वैष्णो दास बगाई हे १९१५ मध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले होते, दुकान टाकलं होतं, नागरिक झाले होते. निकालानंतर नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाला जमीन घ्यायला बंदी होती. मालमत्ता गेली, अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे एक पत्र ठेवलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं.

भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला तो थेट १९४६ मध्ये, आणि तोही वर्षाला १०० माणसांच्या कोट्यानं. थिंद यांना स्वतःला मात्र १९३६ मध्ये ते मिळालं, कारण १९३५ मध्ये महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला होता.

एकदाच वंश झालेले मेक्सिकन

आता हिस्पॅनिक लोकांकडे येऊ. आपल्याला वाटतं हे सगळे सीमा ओलांडून आलेले. पण कितीतरी कुटुंबांच्या बाबतीत सीमाच त्यांच्यावरून ओलांडून गेली. १८४८ मध्ये मेक्सिको युद्ध हरला आणि तहात आजचा कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बराचसा भाग अमेरिकेला मिळाला. तिथे राहणाऱ्या मेक्सिकन लोकांना नागरिकत्व देण्याचं तहात कबूल केलं होतं. नागरिकत्व फक्त गोऱ्यांना मिळे, त्यामुळे कायद्याच्या कागदावर मेक्सिकन माणूस गोरा धरला गेला. रोजच्या व्यवहारात मात्र शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या.

१९३० च्या जनगणनेत पहिल्यांदा 'मेक्सिकन' हा एक वंश म्हणून आला. १४ लाखांच्या वर माणसं त्यात मोजली गेली. काळ बघा, महामंदी सुरू झालेली. नोकऱ्या नाहीत, राग काढायला कोणीतरी हवं. त्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना दबाव टाकून मेक्सिकोला पाठवलं गेलं, त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारनं या वंशाच्या रकान्याला जोरदार विरोध केला. १९४० मध्ये तो काढून टाकला आणि मेक्सिकन पुन्हा 'गोरे' झाले. एकाच जनगणनेपुरता वंश!

आणि इथे आपली सुरुवातीची गोष्ट आणि ही गोष्ट एकत्र येतात. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत कापूस पिकवणारे पंजाबी पुरुष होते. भारतातून बायका आणायची सोय नव्हती, गोऱ्या बाईशी लग्न करायला तिथल्या कायद्यात अडथळा. मग अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. लग्नाचा परवाना देणारा कारकून दोघांचा सावळा रंग बघून कागद पुढे सरकवायचा. या घरांत आई स्पॅनिश बोलायची, बाप पंजाबी. मुलं अमेरिकेत जन्मली म्हणून नागरिक, त्यामुळे काही बापांनी जमीन मुलांच्या नावावर केली.

मग १९३० मध्ये या मुलांचा वंश काय लिहायचा? प्रगणकाला नियम दिला होता: दोन्ही पालक गोरे नसतील तर बापाचा वंश लावा, एखाद-दुसरा अपवाद सोडून. म्हणजे मुलं 'हिंदू'. आई कॅथलिक, बाप शीख, मातृभाषा स्पॅनिश आणि वंश हिंदू. हसू येतं, पण हे सरकारी कागदावर आहे.

जेव्हा यादी घरापर्यंत आली

वेगळं मोजलं की काय होऊ शकतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १९४२ चं. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांमध्ये डांबलं गेलं. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक होते.

कोणत्या भागात किती जपानी राहतात, हे लष्कराला इतक्या पटकन कळलं कसं? जनगणना खात्याकडे १९४० ची माहिती होती. 'जपानी' हा वेगळा रकाना होता. त्यातून छोट्या छोट्या भागांचे आकडे काढून देण्यात आले. जनगणनेतली माहिती गुप्त राहील असं लोकांना वचन होतं, पण युद्धकाळातल्या एका कायद्यानं ते बंधन सैल केलं. २००० साली जनगणना खात्याच्या संचालकांनी, केनेथ प्रुइट यांनी, या सगळ्यातल्या खात्याच्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली.

रकाना उलटा फिरतो

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल की हे रकाने फाडून टाका, मोजूच नका. खरंच तसं करणारे देश आहेत. फ्रान्सच्या जनगणनेत वंश विचारत नाहीत. पण अमेरिकेत १९६० नंतर गोष्टीनं वेगळं वळण घेतलं.

दोन बदल झाले. पहिला बदल पेनाचा. १९६० पासून आणि मुख्यतः १९७० मध्ये फॉर्म पोस्टानं घरी यायला लागला. आता प्रगणक चेहरा बघून लिहिणार नव्हता, तुमचा वंश तुम्हीच लिहिणार होता. तुमची ओळख लिहिणारं पेन पहिल्यांदा तुमच्या हातात आलं.

दुसरा बदल कायद्याचा. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा आला. आता भेदभाव बेकायदा. पण भेदभाव झालाय हे सिद्ध करायचं कसं? एखाद्या गावात निम्मे लोक काळे आहेत आणि मतदार यादीत जवळजवळ कोणीच नाही, हे दाखवायला 'निम्मे' हा आकडा लागतो ना! ज्या रकान्यानं माणसांना खाली ढकललं, तोच आता पुराव्याच्या कामाला आला.

मग ज्यांना वेगळं मोजून घ्यायचं नव्हतं, तेच म्हणायला लागले की आम्हाला वेगळं मोजा. मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्युबन संघटनांची मागणी होती की 'गोऱ्यां'मध्ये आमची गरिबी, आमच्या मुलांचं शिक्षण, काहीच दिसत नाही. १९७० मध्ये घाईघाईत प्रश्न घातला, तोही फक्त ५ टक्के घरांना. त्यात एक पर्याय होता 'सेंट्रल ऑर साउथ अमेरिकन', म्हणजे मध्य किंवा दक्षिण अमेरिका खंडातले. झालं काय, अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या राज्यांतल्या काही लोकांनीही तिथे खूण केली!

१९७६ मध्ये संसदेनं कायदा करून स्पॅनिश मुळाच्या लोकांची आकडेवारी गोळा करायला सांगितलं. १९७७ मध्ये सगळ्या सरकारी खात्यांसाठी वर्गवारीचे एकसारखे नियम आले. आणि १९८० पासून हिस्पॅनिक असण्याचा प्रश्न सगळ्यांना विचारला जाऊ लागला, तेव्हा आकडा आला १ कोटी ४६ लाख. पण हा वंश नाही, वेगळा प्रश्न आहे. हिस्पॅनिक माणूस कोणत्याही वंशाचा असू शकतो. डॉमिनिकन रिपब्लिकचा काळा माणूस, अर्जेंटिनाचा गोरा, ग्वाटेमालाची माया आदिवासी बाई, तिघंही हिस्पॅनिक.

भारतीयांचंही तसंच झालं. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे गेले आणि डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येनं जायला लागले. त्यात मराठी माणसंही आली. १९७० मध्ये हे सगळे 'गोऱ्यां'मध्ये धरले गेले. मग सत्तरच्या दशकात 'असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका' या संघटनेनं वेगळ्या रकान्यासाठी प्रयत्न केले, कारण नोकरीत भेदभाव झाला तर दाद मागायला वेगळी ओळख हवी होती. भारतीयांमध्येच यावर वाद होता, चांगले स्थिरावलो आहोत तर अल्पसंख्याक कशाला म्हणवून घ्यायचं, असं काहींचं म्हणणं. शेवटी १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा रकाना आला. एकेकाळी गोरं ठरण्यासाठी सुप्रीम कोर्टात गेलेला समाज आता गोऱ्यांमधून बाहेर पडायला अर्ज करत होता.

आजचे आकडे, जरा जपून वाचा

१९९७ मध्ये नियम बदलले आणि २००० पासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करता येऊ लागली. २०१० मध्ये असे लोक ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. दहा वर्षांत जवळजवळ चौपट! इतकी मिश्र लग्नं झाली का? नाही. २०२० मध्ये प्रश्नाची मांडणी बदलली, लिहायला जास्त जागा दिली, उत्तरं नोंदवायची पद्धत बदलली. वाढीचा मोठा भाग तिथून आलाय. सोशल मीडियावर 'गोरे झपाट्यानं घटले' अशी पोस्ट दिसली की हे आठवा.

२०२० ची लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख. त्यातले हिस्पॅनिक ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के. हिस्पॅनिक नसलेले आणि फक्त गोरे असं लिहिलेले ५७.८ टक्के. फक्त काळे असं लिहिलेले १२.४ टक्के, फक्त आशियाई ६ टक्के. एकट्या 'एशियन इंडियन' रकान्यात सुमारे ४४ लाख. १९८० मध्ये ते चार लाखही नव्हते.

या गटांमध्ये फरक आहेत का? आहेत, आणि मोठे आहेत. हिस्पॅनिक लोकांचं मध्यम वय तिशीच्या आसपास, तर बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचं चव्वेचाळीसच्या आसपास. म्हणजे एका गटात शाळेत जाणारी मुलं जास्त, दुसऱ्यात निवृत्तीला आलेले जास्त. शाळेवर खर्च करायचा की पेन्शनवर, हे भांडण अशा वेळी वंशाचंही होऊन बसतं.

आयुर्मान घ्या. २०१९ मध्ये हिस्पॅनिक माणसाचं सरासरी आयुर्मान सुमारे ८२, गोऱ्यांचं ७९, काळ्यांचं ७५. हिस्पॅनिक लोक सरासरीनं गोऱ्यांपेक्षा गरीब, आरोग्य विमाही कमी जणांकडे, तरी जास्त जगतात. अभ्यासक याला 'हिस्पॅनिक विरोधाभास' म्हणतात. धूम्रपान कमी आणि स्थलांतर करून येणारे मुळात धडधाकट, ही दोन कारणं दिली जातात. मग कोविड आला. २०२१ पर्यंत हिस्पॅनिक आयुर्मान सुमारे चार वर्षांनी घसरलं आणि मूळनिवासींचं थेट ६५ वर आलं. कारण रक्तात नव्हतं. कामावर गेल्याशिवाय पोट भरत नाही, घरात माणसं जास्त, दवाखाना लांब, ही कारणं होती. पण रकाना नसता तर ही घसरण एकूण सरासरीत विरघळून गेली असती, कोणाला दिसलीच नसती.

आणि अजून एक. २०२० ची मोजणी किती बरोबर होती, हे तपासायला नंतर सर्वेक्षण झालं. त्यात निघालं की हिस्पॅनिक लोक जवळजवळ ५ टक्क्यांनी कमी मोजले गेले, काळे ३.३ टक्क्यांनी, राखीव प्रदेशातले मूळनिवासी ५.६ टक्क्यांनी. बिगर-हिस्पॅनिक गोरे मात्र १.६ टक्क्यांनी जास्त. जागा आणि सरकारी निधी याच आकड्यांवर वाटला जातो. तीन-पंचमांशाचा नियम जाऊन दीडशे वर्षं झाली, पण कोण पूर्ण मोजला जातो हा प्रश्न अजून तिथेच आहे.

हिस्पॅनिक लोकांचं वंशाच्या प्रश्नाशी आजही जमत नाही. २०२० मध्ये त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांनी फक्त 'इतर कुठला वंश' हाच पर्याय निवडला. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तुमच्या रकान्यांत आम्ही बसत नाही. म्हणून मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं नवे नियम जाहीर केले: वंश आणि हिस्पॅनिक हे दोन प्रश्न एकत्र करायचे आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना, जे आजवर 'गोऱ्यां'मध्ये धरले जायचे, वेगळा रकाना द्यायचा. रकाना अजूनही हलतोच आहे.

आणि आपण?

हे सगळं ऐकताना तुमच्या मनात आपली जनगणना आली असेल, तर बरोबरच आहे. इंग्रजांनी १८७१-७२ पासून आपल्याकडे मोजणी सुरू केली, जाती मोजल्या. १९०१ मध्ये तर जातींची उतरंड लावायचा उद्योग केला, तेव्हा आम्हाला वरचं स्थान द्या म्हणून ठिकठिकाणच्या जातसभांनी अर्ज केले. थिंद यांच्या युक्तिवादाशी हे किती मिळतंजुळतं आहे बघा. सगळ्या जातींची मोजणी १९३१ मध्ये थांबली, आणि मंडल आयोगालाही त्याच जुन्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला. आता २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घ्यायचा निर्णय जाहीर केलाय.

त्यावर घराघरात वाद होणार. एक म्हणेल मोजल्यानं जात घट्ट होते, दुसरा म्हणेल मोजल्याशिवाय अन्याय दिसत नाही. अमेरिकेचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव सांगतो की दोघांकडेही पुरावा आहे. पहिल्याकडे १९४२ आहे, दुसऱ्याकडे १९६५ आणि २०२१. मला स्वतःला दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं, पण तीन अटींवर. माझी ओळख मी सांगणार, समोरचा बघून ठरवणार नाही. माझं नाव कोणाच्याही हाती जाणार नाही. आणि मिळालेला आकडा कपाटात न राहता सगळ्यांना दिसणार.

दारावर प्रगणक येईल किंवा मोबाइलवर फॉर्म उघडेल, तेव्हा या तीन अटी तपासून बघा. आणि घरातल्या मोठ्यांशी यावर बोला, कारण त्यांच्याकडे कागदावर न आलेल्या बऱ्याच गोष्टी असतात.

आजच्यासाठी इतकंच. तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा, आणि अमेरिकेत कोणी मावशी, दादा, मित्र असेल तर त्याला हा भाग पाठवून विचारा की तू कुठल्या रकान्यात खूण करतोस. उत्तरं भारी येतील. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या.